पंचा

आमच्या घरी पंचा विकत आणल्याचे मला स्मरत नाही. वडिलांचे धोतर जीर्ण झाले, की आई त्याचेच पंचे करी, आणि रंगावली नदीवर स्नान करून ओला पंचा खांद्यावर टाकून परतणारे वडील हे बालपणीच्या नवापूरचे माझ्या मनातील पहिले चित्र. पुढे मी कचेरीत कारकून झालो, तेव्हा वैशाखात जुनी दप्तरे उपसताना घाम टिपण्यापलीकडे त्या वस्त्राची मातबरी मला वाटली नाही.

पस्तिशीत एका डोळ्यापुढे धूसरपणा आला, पाय जड पडू लागले, आणि ज्याचा फलाट महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत विभागला आहे त्या आमच्या स्थानकावरून गाडी धरून मी सुरतेस गेलो. तेथे मल्टिपल स्क्लेरॉसिसचे निदान झाले: शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंचे मायलिन नावाचे आवरण कुरतडू लागते. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० सालीच नोंदवून ठेवले होते, की अशा रुग्णांची दृष्टी श्रमानंतर काही काळ मंदावते. त्याने दोष श्रमांना दिला, परंतु खरे कारण उष्णता, हे पुढे कळले. देहाचे तापमान अर्ध्या अंशाने चढले तरी पुरते, आणि आमच्या गावी तर मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो! सुदैव इतकेच, की अंग निवले म्हणजे दृष्टीही पूर्ववत होते.

औषधे चालूच आहेत. दिनचर्येचा बंदोबस्त मात्र सारा नव्याने करावा लागला. बाजारहाट उन्हे चढण्यापूर्वी. कढत पाण्याऐवजी कोमट पाण्याने स्नान. विडीला कायमची रजा, कारण धूम्रपानाने हा विकार बळावतो. सायंकाळी झेपेल तितका व्यायाम. आणि मध्यान्ही मानेभोवती ओला पंचा. व्याधीशी झुंज द्यावी, असे हितचिंतक सांगतात. मला ती झुंजीपेक्षा जमाखर्चाची बाब वाटते, शिल्लक पाहूनच खर्च मंजूर करावा अशी. अडचण ही, की थकवा कोणाला दिसत नाही. "अण्णा, तुम्ही तर चांगले धडधाकट दिसता," असे एक सहकारी म्हणाला. २०१६ च्या कायद्याने या व्याधीची गणना दिव्यांगत्वात केली आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

श्रावणात मात्र पंचा निरुपयोगी ठरतो. हवाच इतकी दमट, की त्यातले पाणी उडून जात नाही आणि म्हणून गारवाही लाभत नाही. मग घमेल्यातल्या गार पाण्यात पाय बुडवून पंख्याखाली बसतो. बर्फाचे कप्पे असलेले जाकीट मिळते, ते मागवावे असा मुलाचा आग्रह आहे. किंमत ऐकून मी तूर्त तो अर्ज दप्तरी दाखल केला आहे.