सुभेदाराचा शिधा

खाण्याच्या बाबतीत सुभेदार कोणाचाच नव्हता. वाडगं भरेल त्याचा. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या बाबांनी हे नाव त्याच्या रुबाबावर खूश होऊन ठेवलं. पण कुकरची शिट्टी झाली की रुबाब गळून पडायचा आणि साहेब लाळ गाळत ओट्याशी हजर. लॅब्रेडॉर असेच, असं सगळेच म्हणतात. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी त्याचं एक कारणही शोधलं. साधारण एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा नसतो आणि ते सतत खायच्या मागे असतात. मी आईला हे वाचून दाखवलं. "बघ, त्याला खरंच भूक लागते," असं म्हणून तिनं त्याला आणखी एक पोळी दिली.

त्याला आणलं उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका सिंधी घरातून. त्या काकूंनी पिल्लाबरोबर किलोभर सुट्टं डॉगफूडही दिलं होतं. उल्हासनगरात काय सुट्टं मिळत नाही! पण गोणी दुकानात उघडी राहिली की त्या दाण्यांतलं तेल खवट होतं, पावसाळ्यात तर लवकरच. बाबांनी पहिल्याच आठवड्यात बंद पाकीट आणलं, मोजायला वाटी ठरवली आणि पाकिटामागचा तक्ता कापून फ्रिजवर चिकटवला. आई त्या तक्त्याकडे बघायचीही नाही. "घरात दोन वेळा अन्न शिजतं आणि मुक्या जिवाला बिस्किटं?"

तिचं घरचं अन्न म्हणजे उरलेला भात, वर आमटी, वर दूध. आमटीत कांदा-लसणाची फोडणी. बदलापुरातले आमचे डॉक्टर एरवी कमी बोलायचे, कांद्याचं नाव निघाल्यावर मात्र त्यांनी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं. "काकू, कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवला तरी."

"मग साधा चिकन-भात?"

"त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. हे पोर महिन्याला किलो-किलोनं वाढतंय, हाडं कशानं भरायची?"

"दूध घालते की!"

डॉक्टरांनी तिथल्या तिथे हिशोब मांडला. याला दिवसाला लागतं तेवढं कॅल्शियम नुसत्या दुधातून द्यायचं तर तीन-चार लिटर पाजावं लागेल, आणि मग अंगणात बसायला जागा उरणार नाही. बाबा विजयी मुद्रेनं हसले. पण पिल्लांच्या पाकिटावर ते रोज कॅल्शियमचं सिरपही पाजत होते, हे कळताच डॉक्टर त्यांच्याकडे वळले. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमही वाईट, हाडं वेडीवाकडी वाढतात. सिरप त्याच दिवशी बंद झालं.

मला विचाराल तर आमच्याकडचं भांडण घरचं की विकतचं असं नव्हतंच. ते उरलंसुरलं की विकतचं असं होतं, आणि त्यात पाकीट जिंकलं ते योग्यच झालं. कुत्र्यासाठी वेगळं, तोलून-मापून शिजवणं ही तिसरीच गोष्ट, आणि तीही वाटते तितकी सोपी नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात २०१३ मध्ये घरगुती जेवणाच्या दोनशे पाककृती तपासल्या, त्यातल्या जेमतेम नऊ सगळ्या पोषकांच्या कसोटीला उतरल्या. नापास झालेल्यांतल्या काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. आता पाकीट म्हणजे देववाणी असंही नाही. २००७ मध्ये अमेरिकेत मेलामाइन मिसळलेल्या खाद्यानं कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि बाजारातून ढिगानं माल परत घ्यावा लागला. आई ही बातमी वर्षानुवर्षं ताज्यासारखी सांगायची.

तडजोड अशी झाली की सकाळी बाबांची वाटी आणि रात्री आईचा भात: हळद घातलेला, बिनफोडणीचा, त्यात पेटा-कलेजी आणि भोपळा. दोघंही दुसऱ्याच्या नकळत थोडं जास्त वाढायचे. सुभेदारानं वजनाची चाळिशी ओलांडली, तेव्हा ते उघडकीला आलं.

जुलै २०१९ च्या पुरात बाबांची सरशी झाली. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, ते दिवस. आमच्याकडे वीज गेलेली, फ्रिजमधलं चिकन आंबलेलं, मटणवाल्याचं शटर खाली. माळ्यावरची गोणी मात्र कोरडी ठणठणीत. बाबा दर वाटीला आईकडे बघत होते. आठ महिन्यांनी टाळेबंदी लागली आणि डाव उलटला. आमच्या दुकानदाराकडे गोणी येईना. त्याआधी कोंबडीमुळे कोरोना होतो या अफवेनं चिकन मातीमोल झालं होतं, तेव्हा आईनं फ्रीझर भरून ठेवलेला. "आता खा म्हणावं तक्ता," ती म्हणाली.

अकराव्या वर्षी त्याची मूत्रपिंडं थकली. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी किडनीच्या कुत्र्यांसाठीचं खास खाद्य लिहून दिलं. फॉस्फरस कमी, किंमत नेहमीच्या तिप्पट. जन्मभर कशालाही नाही न म्हटलेल्या सुभेदारानं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. गरम पाणी घालून, हातानं भरवून झालं; ढिम्म. तेव्हा डॉक्टरांनीच आईला कागदावर मापं लिहून दिली: भात इतके ग्रॅम, अंड्याचा पांढरा भाग इतका, तेल इतकं, ही पावडर इतकी, कलेजी बंद. फ्रिजवर तक्त्याच्या जागी तो कागद आला. आईनं वजनकाटा आणायला लावला आणि बाबांना अंड्यातलं पिवळं वेगळं करायला बसवलं. फॅक्टरीत सूक्ष्म मापं घेतलेला माणूस. बलक फुटला की स्वतःवरच चिडायचा. त्या जेवणावर सुभेदार आणखी वर्षभर जगला, आणि शेवटचे काही आठवडे सोडले तर वाडगं चाटूनपुसून ठेवायचा.

महागड्या खाद्याची पिशवी जवळजवळ भरलेलीच उरली. बाबांना ती टाकवेना, म्हणून त्यांनी एका संध्याकाळी गल्लीतल्या कुत्र्यांपुढे ओतली. त्यांनीही हुंगलं, एकमेकांकडे पाहिलं आणि वडापावच्या गाडीकडे निघून गेली.