शेवटचं कधी जेवलात?



गेले तीन महिने दर शनिवारी संध्याकाळी आम्ही मंडळीच्या हॉलमध्ये आजारी पडतो. कोणाच्या छातीत कळ येते, कोणी मोटरसायकलवरून पडतो, कोणाला दम लागतो. सतरंजीवर आडवं व्हायचं आणि वाट बघायची. मग आमच्या तरुण संघातली एक मुलगी खांद्याला बॅग अडकवून दारातून आत येते.

ती इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या परीक्षेला बसते आहे. ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटजवळ बसून दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याला जपणारं माणूस, ते हे काम. पुस्तकाचा अभ्यास ती एकटी करते. पण प्रात्यक्षिकाच्या तयारीला पेशंट लागतात. आम्ही सेवा समितीचे सहा जण तिचे पेशंट.

यामागचं कारण सांगायला आम्हांला लाज वाटते, तरी सांगतो. मागच्या वर्षी एका रविवारी उपदेश चालू असताना तिसऱ्या बाकावरचे काका बसल्या जागी कोसळले. आम्ही सगळे धावलो. एकाने वारा घातला, एकाने तळपाय चोळले, एकाने त्यांच्या तोंडात पाणी ओतलं. बाकीचे भोवती उभे राहून प्रार्थना करू लागले. 108 ला फोन गेलाच असेल, असं प्रत्येकाला वाटलं. बऱ्याच वेळाने कळलं की फोन कोणीच केला नव्हता. काका गेले. त्यांचं डोकं या मुलीच्या मांडीवर होतं. तेव्हा ती बारावीत होती.

पुढे तिच्या पुस्तकातून आम्हांला एकेक गोष्ट कळत गेली. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हृदय थांबल्यावर छाती दाबायला सुरुवात झाली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते. काका वाचले असते का, ते देवालाच ठाऊक. पण त्या दिवशी आमच्यात प्रेमाची कमतरता नव्हती, एवढं आम्ही सांगू शकतो. आमच्या हातांना काही येत नव्हतं.

म्हणून आता तिच्याबरोबर आम्हीही शिकतो. छाती दाबण्याचा सराव जिवंत माणसावर करत नाहीत. त्यासाठी ती क्लासमधून पुतळा मागून आणते. छातीच्या मधोमध दोन्ही हात, निदान 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. 30 दाब झाले की 2 श्वास. आम्ही मराठीत मोजायचो, तर वीसच्या पुढे एकवीस, बावीस म्हणताना जीभ अडखळायची आणि हात मंदावायचे. आता आम्ही एक ते दहा तीनदा मोजतो.

तिच्या परीक्षेत आणखी एक पायरी आहे. मदत मागताना ‘कोणीतरी फोन करा’ म्हणायचं नाही. एकाकडे बोट दाखवून सांगायचं, ‘निळा शर्ट, तुम्ही 108 ला फोन करा आणि लागला की मला येऊन सांगा.’ हे ती पहिल्यांदा बोलली तेव्हा हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. त्या रविवारी आमच्यातल्या एकानेही कोणाकडे बोट दाखवलं नव्हतं.

पेशंट शुद्धीवर असेल तर हात लावण्याआधी त्याला विचारावं लागतं. मग ठरलेले प्रश्न येतात. काय होतंय, कशाची ॲलर्जी आहे का, कोणती औषधं चालू आहेत, आधी काही आजार होता का, शेवटचं कधी जेवलात, हे सुरू झालं तेव्हा काय करत होता. आमचं बेळगाव असं की पुस्तक इंग्रजीत, शिकवणारे सर कन्नडात आणि घरात मराठी. ॲम्ब्युलन्समधला पेशंट खानापूरचा असेल की गोकाकचा, ते आधी कुठे ठाऊक असतं? म्हणून ती दोन्ही भाषांत पाठ करते. ‘जेवलात का?’ आणि ‘ऊट आयता?’ आम्ही हसायचो. हा तर आमच्या आज्या दारातच विचारायच्या, तो प्रश्न. परीक्षेत याला गुण मिळतात होय?

महिन्याभरापूर्वीच्या शनिवारी त्या काकांच्या पत्नी, आमच्या काकू, हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही गडबडून उठलो. त्या म्हणाल्या, “उठू नका. तुम्ही शिकताय असं ऐकलं. मलाही पेशंट करा.” कोणाला काय बोलावं सुचेना. मुलीने सतरंजी झटकून पुन्हा अंथरली.

ती गुडघ्यांवर बसली. “काकू, हात लावू का?”

“लाव, बाळ.”

“काय होतंय?”

“जरा गरगरतंय बघ.” आम्हांला वाटलं, छान वठवतात.

“औषधं कोणती चालू आहेत?”

“साखरेची गोळी. आज सकाळीच घेतली.”

“शेवटचं कधी जेवलात?”

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. “काल दुपारी,” त्या म्हणाल्या. “एकटीसाठी कुठं चूल पेटवायची गं?”

मुलीने त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामाने ओलं होतं. तिने बॅगेतून साखर तपासायचं यंत्र काढलं. आकडा आला 62. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. काकू नीट बोलत होत्या, गिळू शकत होत्या. म्हणून तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना घोट घोट पाजली आणि घड्याळ लावलं. 15 मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा 94 होता. तोवर आमच्यातल्या एकीने घरून भाकरी आणि आमटी आणली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

प्रियांनो, काका गेल्यापासून वर्षभर दर रविवारी आम्ही काकूंचा हात हातात घेऊन म्हणत होतो, “तुमच्यासाठी प्रार्थना करतो.” आणि खरंच करत होतो. पण त्या जेवतात का, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. ते विचारलं गेलं, ते परीक्षेच्या यादीत होतं म्हणून.

त्या रात्री आम्ही मार्कच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय काढला. याईराची बारा वर्षांची मुलगी मेली म्हणून घरात आकांत चालला आहे. येशू तिचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते. सगळे आश्चर्याने थक्क होतात. तेव्हा प्रभू काय सांगतो? तिला काहीतरी खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाल्यावर त्या घरात तिच्या पोटाची आठवण त्या एकालाच राहिली. हे वचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण ते शेवटचं वाक्य आमच्या कानांवरून निघून जात होतं.

आता दर बुधवारी काकू आमच्यापैकी एकाच्या घरी जेवतात, आणि रविवारी आम्ही त्यांच्याकडे. चूल सहा जणांसाठी पेटते, तेव्हा त्यांची तक्रार मसाल्याबद्दल असते.

मुलीची परीक्षा येत्या गुरुवारी आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि आणखी एक विनंती. तुमच्या मंडळीत पुढच्या रविवारी दोघांची नावं ठरवा. एकाने 108 ला फोन करायचा, दुसऱ्याने फाटकापाशी उभं राहून ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायची. ही नावं गीतांच्या क्रमांकांच्या फळ्याशेजारी लिहून ठेवा. आणि एकटं राहणाऱ्या कोणाला हात मिळवाल, तेव्हा हात सोडण्याआधी तो जुना प्रश्न विचारा.

हे प्रभू, आमच्या प्रेमाला शिकण्याची नम्रता दे. आमच्या हातांना काम शिकव आणि आमच्या जिभेला प्रश्न. गुरुवारी त्या मुलीचे हात स्थिर ठेव. आमेन.