टिटवाळ्याच्या कच्च्या वाटा आणि आपली सायकल

टिटवाळा म्हटले की बाहेरच्या माणसाला गणपतीचे देऊळ आठवते. इथे राहणाऱ्याला आठवते ती पहाटेची लोकल, दारात लटकलेली माणसे आणि डब्याची पिशवी. सहा दिवस गाडीत उभे राहून काढल्यावर सातव्या दिवशी कुठे जावे, हा प्रश्न आपल्या घरांत फार जुना आहे. जायचे तर पैसा लागतो, असे आपण धरून चालतो. पण वस्ती मागे टाकून काळू नदीच्या अंगाने थोडे पुढे गेले की वीटभट्ट्या, भातखाचरे, साग, पळस आणि मोहाची झाडे लागतात. तिथे डांबर संपते, खडी आणि माती सुरू होते. त्या वाटांसाठी तिकीट लागत नाही. चालू स्थितीतली एक सायकल पुरते.

युरोप-अमेरिकेत अशा वाटांवर सायकल चालवण्याचे आता मोठे वेड आहे. त्यासाठी 'ग्रॅव्हल बाइक' म्हणजे खडीवर चालणारी खास सायकल निघाली. जागतिक सायकल संघटनेने २०२२ साली इटलीमध्ये या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धाही घेतली. आपल्याकडे ही सायकल घ्यायला गेले तर पन्नास हजारांच्या आसपास सुरुवात होते आणि आकडा लाखाच्या पुढे जातो.

वाचकहो, हा आकडा ऐकून पान उलटू नका. या सायकलीचे मर्म तिच्या टायरमध्ये आहे. शर्यतीच्या सायकलीचे टायर बारीक व दगडासारखे कडक असते. खडीवर ते उसळते, घसरते. ग्रॅव्हल बाइकचे टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असते आणि त्यात हवा थोडी कमी ठेवतात. त्यामुळे लहान खडा टायरमध्येच दबतो, हादरा हाताला कमी बसतो, पकडही चांगली राहते. आता गंमत पाहा. आपला दूधवाला, पेपरवाला किंवा गिरणीत जाणारे आजोबा जी काळी सायकल चालवत, तिचे २८ बाय दीड इंचाचे टायर बरोबर ४० मिलिमीटरचेच असते! मुलांच्या २६ इंची 'रेंजर' सायकलीचे टायर तर त्याहून जाड, सुमारे ५० मिलिमीटर. म्हणजे जगाने आज जे शोधून काढले, ते आपल्या ओट्यावर केव्हाचे उभे आहे. मात्र एक काळजी घ्यावी. काळ्या सायकलीचे सळीचे ब्रेक उतारावर कमी पडतात. मोठा उतार आला की सरळ खाली उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

आता वाट सांगतो. टिटवाळ्याहून खडवलीकडे निघावे. रेल्वेने हे पुढचेच स्टेशन. मधल्या वाटेवर गावे आणि आदिवासी पाडे लागतात. पाड्यातून जाताना घंटी वाजवत सुसाट जाऊ नये. अंगणात धान्य वाळत असते, पोरे खेळत असतात. दोन शब्द बोलावेत, वाट विचारावी. नकाशापेक्षा तिथली आजी अधिक नेमके सांगते. खडवलीला भातसा नदी लागते. पाणी पाहून मुलांना मोह होतो, पण या पात्रात अनेक तरुण बुडाले आहेत. काठावर बसून भाकरी खावी आणि पाण्यात न उतरता पुढे निघावे.

नदी ओलांडून खडवली फाट्याला नाशिक महामार्ग लागतो. तेथून पडघ्यापर्यंतचा तुकडा जपून, एकामागे एक, कडेने काढावा. पडघ्याहून कल्याणकडे वळले की रस्ता पुन्हा शेतांतून जातो. याच रस्त्यावरून आत लोनाडकडे वाट फुटते. तिथल्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. गावकरी त्यांना खांडेश्वरीची लेणी म्हणतात. ती सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातली मानली जातात. खांब, ओसरी आणि भिंतीवरचा मोठा शिल्पपट आजही पाहता येतो. लेण्यांतून उतरून गांधारी पुलावरून कल्याण गाठावे व घरी परतावे. सगळा फेरा पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर होतो. सकाळी सहाला निघालेला माणूस रमतगमत आला तरी संध्याकाळच्या दिव्याच्या आत घरी असतो.

अजिंठा-वेरुळला सहल न्यायची म्हणून आपण वर्षभर वर्गणी गोळा करतो, ते योग्यच आहे. पण घरापासून सायकलीच्या पल्ल्यावर लेणे असून आपल्या मुलांनी ते पाहिलेले नसावे, याचा विचार व्हायला हवा. कल्याण हे फार जुने बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. इथून माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला जाई. त्या वाटेवर डांबर कुठले! व्यापारी, भिक्खू, कारागीर याच मातीच्या वाटांनी चालले. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे येतात. त्यांत नंद नावाचा एक लोहार आहे. त्याने दान काय दिले? वाट! मूर्ती नाही, सोने नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखालची वाट. हातोडा चालवणाऱ्या माणसाचे हे दान आज रोजच्या कमाईवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे.

ज्यांचे पाय या फेऱ्याने तयार झाले, त्यांनी पुढे समुद्र धरावा. भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट सायकलीसह मांडव्याला नेते. तेथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड असा रस्ता आहे. आगरदांड्याहून तरीने दिघीला उतरावे. तरीने जायचे नसेल तर खाडीला वळसा घालून कुड्याची २६ लेणी पाहता येतात. दिवेआगरच्या पुढे आरावी-शेखाडीच्या बाजूने श्रीवर्धनला जाताना एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाली काळा खडक व समुद्र असतो. हरिहरेश्वरला लाटांनी कडा कोरून पायथ्याशी सपाट ओटा केला आहे. तो पाहावा, पण भरतीच्या वेळी त्यावर उतरू नये. लाट सांगून येत नाही. बागमांडल्याहून पुन्हा तर, पलीकडे वेश्वी, मग मंडणगड आणि तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळगाव. चार-पाच दिवसांची ही वाट आहे. चढ दम काढतात. पण त्या गावी आपल्या पायांच्या जोरावर पोहोचण्याचा आनंद वेगळाच.

निघण्यापूर्वी एवढे करावे. एक जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पंप, पाना आणि माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेचे पाणी असावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसात इथली काळी माती मडगार्डात अडकून चाक फिरू देत नाही. एकट्याने जाऊ नये. चार-पाच जणांचा गट करावा आणि गटाने सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने जावे.

गटात मुलींना घ्यावे, ही खास विनंती. शाळा सुटली की मुलीची सायकल भावाकडे जाते, हे अनेक घरांत घडते. आईनेही सायकल शिकावी. रविवारी स्वयंपाक आदल्या रात्री सर्वांनी मिळून करावा, म्हणजे एकटी आई मागे राहणार नाही.

हे सारे पुढच्या वर्षावर टाकू नये. भिवंडी तालुक्यात गोदामांच्या रांगा वाढत आहेत. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तो याच तालुक्यातल्या आमणे गावी येऊन संपतो. त्यावर सायकलीला काय, मोटारसायकलीलाही प्रवेश नाही. मोठे रस्ते हवेत, त्यांवर आपलीच माणसे कामाला जातात. पण कुंपणे पडली की पाड्यापासून शाळेची, शेतापासून नदीची आणि वस्तीपासून लेण्याची पाऊलवाट गुपचूप मिटते. ज्या वाटेवर कोणी जात नाही, ती मिटल्याची तक्रारही कोणी करत नाही. म्हणून वाट राबती ठेवली पाहिजे. येत्या रविवारी ओट्यावरची सायकल पुसा, चेनला तेल द्या, हवा भरा. मुलांना हाक मारा आणि खडवलीच्या रस्त्याला लागा.