मैलांचा हिशेब
वडिलांच्या १९६१ सालच्या बुलेटचा मीटर वयोमानाने अखेर कायमचा बसला. नवा बसवला, तो किलोमीटरचा. त्यावर पाच शून्ये ओळीने मांडलेली!

“राहू द्या की शून्य! विकायला काढलीत तर चार पैसे जास्तच येतील,” मिस्त्री हसून म्हणाला.

मला मात्र ती शून्ये पाहवेनात. जुन्या मीटरवर ४८,२१३ मैल होते. मैलाला १.६०९३४ किलोमीटर. कागदावर गुणाकार केला, ७७,५९१ आले. मिस्त्रीने कुरकुरत काचेभोवतीचे कडे उकलले, तबकडी काढली आणि आकड्यांची चाके एकेक करून बोटाने फिरवली.

मोठ्या ऐटीत घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, “अरे, माझ्या आजारपणात दोन महिने मीटरची केबल तुटलेलीच होती. दुरुस्तीला सवड कुणाला? हे रोज दोनदा इस्पितळात यायचे. ते मैल कुठे धरलेस?”

मी गप्प झालो. पुढचे चाक केबल फिरवते, केबल आकडे फिरवते. केबल तुटली की चाक धावते, आकडे जागच्या जागी. वडिलांची सर्वांत मोलाची धाव अशी बिनहिशेबीच राहिली होती.

आकडा मी तसाच ठेवला. गाडीच्या कागदांत मात्र चिठ्ठी घातली : मीटर बदलल्याची तारीख, जुने मैल, नवे किलोमीटर. खाली एवढेच लिहिले, ‘गाडी याहून जास्त चालली आहे.’

उद्या गिऱ्हाईक आलेच, तर आधी त्याच्या हाती ती चिठ्ठी देईन.