पाणी अडले कुठे?

गेल्या जुलैतील गोष्ट. पाऊस लागला म्हणजे वसईच्या आमच्या पट्टीत कपड्यांची काय अवस्था होते, हे वाचकांना सांगावयास नको. दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही ओलसर, आणि घरभर तो कुबट दर्प. अशा दिवसांत आजाऱ्यांच्या भेटीला फिरत असता आम्ही एका घरी गेलो. घरधनी दीड वर्ष पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. दिवसाला दोन चादरी बदलाव्या लागतात, कधी तीन. मुलगा आखातात. घरात सासू आणि सून. सून मुंबईला एका रुग्णालयात नर्स आहे, बहुधा रात्रपाळीला.

ओटीवर पाऊल ठेवताच म्हातारीने गाऱ्हाणे मांडले. "फादर, अकरा दिवस झाले, मशीन बंद पडलीय. पोराने घामाच्या पैशाने घेऊन दिली, हिने ठासून कपडे भरले आणि वाट लावली." सून पलीकडे मोरीवर चादर घासत बसली होती. तिने मान वर केली नाही. आम्ही, बरे वाटावे म्हणून म्हणा किंवा सवयीने म्हणा, बोलून गेलो, "आजच्या मुलींना वस्तूची कदर कमीच." सुनेने हातातली चादर जरा जास्तच जोराने पिळली, एवढेच. ते वाक्य पुढे कित्येक दिवस आम्हांला बोचत राहिले.

मशीन दुरुस्त करणारा येऊन गेला होता. झाकणही न उघडता 'बोर्ड गेला' असे निदान करून आणि ८,००० रुपयांचा आकडा सांगून तो निघून गेला होता. पॅरिश हाऊसचा पाण्याचा पंप आणि चर्चचा ध्वनिवर्धक आम्हीच खटपट करून चालू ठेवतो, ही कीर्ती त्या घरी पोहोचलेली असल्यामुळे म्हातारी म्हणाली, "तुम्ही नुसते बघा तरी."

पाहिले. समोरून दार असलेले, सात वर्षांचे यंत्र. काचेआड अर्ध्यापर्यंत करडे पाणी, त्यात तरंगणारी चादर, आणि दार कुलूपबंद. सासूला विचारले असता तेच 'ठासून भरले' ऐकावे लागले. मग सुनेला विचारले. ती पदराला हात पुसत आली आणि चार वाक्यांत सांगून मोकळी झाली. "फादर, कपडे धुतले जातात. पाणी बाहेर टाकायची वेळ आली की खालून घूं असा आवाज येतो. पाणी जात नाही. थोड्या वेळाने मशीन थांबते आणि स्पिन होत नाही." आजाऱ्याची लक्षणे टिपण्याचा जिचा रोजचा व्यवसाय, तिची ती साक्ष. अकरा दिवसांत तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

त्या साक्षीतच अर्धे निदान होते. कपडे ठासून भरले तर मशीन फिरताना धडधडेल, पट्टा घसरेल, फार तर फिरणार नाही. पण पाणी अडण्याशी त्याचा संबंध नाही. स्पिन होत नाही हाही वेगळा बिघाड नव्हे. पाण्याच्या पातळीबरोबर एका बारीक नळीतली हवा दाबली जाते, तो दाब पाहून आत किती पाणी आहे हे यंत्राला कळते. पाणी शिल्लक असेतोवर ते ना वेगाने फिरते, ना दार उघडते. म्हणजे सारे काही पाणी बाहेर फेकणाऱ्या त्या लहानशा पंपापाशी येऊन थांबत होते. आणि घूं आवाज येत होता, याचा अर्थ बोर्ड पंपाला वीज पोहोचवत होता! पंप मुका राहिला असता तर तार, कॉइल, बोर्ड या साऱ्यांवर संशय घ्यावा लागला असता. सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्र शिकवीत, त्याचा संसारात उपयोग काय असे आम्ही तेव्हा विचारीत असू. तो उपयोग हा.

मशीनचा प्लग काढला. मागचा ड्रेन पाइप कोठे मुडपला आहे काय हे पाहिले. तो सरळ होता, आणि त्याचे तोंड जमिनीपासून हातभरापेक्षा थोडे वर, जेथे असावे तेथेच होते. मग खालच्या कोपऱ्यातली लहान झडप उघडली, परात सरकवली आणि बाजूची बारीक नळी मोकळी करून पाणी काढत बसलो. या कामाला धीर लागतो. परात भरली की नळीचे बूच लावायचे, परात मोरीत ओतायची, पुन्हा बूच काढायचे. अशा एकवीस पराती झाल्या. त्यानंतरच फिल्टर फिरवून बाहेर काढला. अगोदर काढला असता तर ओटीवर पूर आला असता. (पाणी गरम असेल तर ते निवेपर्यंत या कामाला हातही लावू नये.)

फिल्टरमध्ये केसांचा व धाग्यांचा गुंता, पाच रुपयांची दोन नाणी, एक बटण, आणि वाकलेला एक आकडा निघाला. आकडा पाहताच म्हातारीचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. सुनेचे केस मानेपर्यंत कापलेले आहेत. कोणी काही बोलले नाही.

आम्ही मात्र बोललो. "झाले काम!" असे जाहीर करून फिल्टर बसवला, दोन बादल्या पाणी आत ओतले आणि मशीन चालू केले. पुन्हा तोच घूं. पाणी जागचे हलेना. म्हातारीचा चेहरा उजळला. "म्हणजे आकड्यामुळे नव्हते तर!"

खट्टू होऊन परतलो. रात्री जेवण झाल्यावर पॅरिश हाऊसच्या मशीनचा प्लग काढून त्याचा फिल्टर उघडला आणि आत बोट घालून पंपाचा पंखा फिरवून पाहिला. तो सुखासुखी फिरेना. अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरे, जणू आतून कोणी बोट धरून मागे ओढत आहे. दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन तसेच केले, तर त्यांचा पंखा भिंगरीसारखा मोकळा फिरला. कसली ओढ नाही, टप्पा नाही. तेव्हा उलगडा झाला.

या पंपाची रचना मोठी साधी. बाहेर कॉइल, आत पाण्यातच फिरणारे लोहचुंबक, त्याच्या दांड्यावर प्लॅस्टिकचा पंखा. २३० व्होल्टची वीज कॉइलमध्ये आली की चुंबक मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्या घेते. ते सुरू होताना डावीकडे फिरेल की उजवीकडे याचा नेम नसतो. म्हणून पंख्याची पाती वाकडी नसून सरळ असतात. निरोगी पंपात जी ओढ बोटाला जाणवते ती या चुंबकाची. इथे पंखा दांड्यावरून सुटला होता. चुंबक इमानाने फिरत होते, घूं म्हणत होते, आणि पंखा पाण्यात स्वस्थ उभा होता.

आमच्या पॅरिशमधील एका वायरमन तरुणाने पंप सोडवला. मीटर लावून त्याने कॉइल तपासली; रोध शंभर ते दोनशे ओहमच्या दरम्यान आला, म्हणजे कॉइलही धडधाकट. जुना पंप हातात घेऊनच तो दुकानात गेला, कारण स्क्रूंची जागा आणि तारेची जोडणी जुळली नाही तर नवा पंप बसत नाही. बोर्डाच्या सातव्या हिश्शात काम झाले. त्या आकड्याने पाती अडवून पंखा तोडला की सात वर्षांच्या झिजेने तो सुटला, याचा निवाडा मोडका पंप देत नाही, आणि आम्हीही तो मागितला नाही. म्हातारीने आकडा देवघराच्या फळीवर ठेवून दिला होता, एवढे आमच्या नजरेस पडले.

सून कामावरून नुकतीच आली होती. तिला बाजूला बोलावून आम्ही म्हटले, "त्या दिवशी आम्ही जे बोललो ते न विचारता बोललो. ते चुकले." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, बाराव्या दिवशी तरी कोणी विचारले. चहा टाकते." आम्ही म्हटले, चहा राहू द्या, आधी चादरी टाका.

चादरी टाकल्या. पाऊण तासाने पाइपातून करडे पाणी भसकन मोरीत आले आणि मशीन वेगाने फिरू लागली. आतून घरधन्यांनी अडखळत्या जिभेने विचारले, "गेलं का पाणी?" म्हातारी ओरडून म्हणाली, "गेलं, गेलं!" आणि लगेच आपल्याच तोंडावर हात ठेवला. सून खुर्चीत बसल्याजागी, त्या आवाजातच, झोपी गेली होती.