हजेरीत एक नाव कमी

जामसरच्या माणसाला पाण्याची भीती ठाऊक असते, पण ती ओढ्याच्या आणि धबधब्याच्या पाण्याची. 2020 च्या जुलैत जव्हारजवळ काळमांडवीत पाच तरुण बुडाले, तेव्हापासून आमच्या मुलांना तिकडे फिरकायलाही मनाई आहे. समुद्राचा मात्र आमचा संबंध सुक्या मासळीपुरता. म्हणूनच मुंब्र्याच्या धाकट्या भावाने मुंबई–गोवा क्रूझची तिकिटे आणून दिली, तेव्हा आम्हा नवरा-बायकोपेक्षा अम्मीच जास्त हरखली. तिचे अब्बा, म्हणजे आमचे नाना, जहाजाने हजला गेलेले. 1995 नंतर हजची जहाजे बंद झाली, पण नानांच्या गोष्टी घरात राहिल्या. जहाजावर गळ्यात जॅकेट बांधून उन्हात सगळ्या हाजींना कसे उभे करत, हे ते हसून सांगायचे. आम्हीही हसायचो.

जहाज सुटण्याआधी भोंगा वाजला. सात आखूड, एक लांब. त्याआधी खोलीतल्या टीव्हीवर सूचना सांगून झाल्या होत्या, आम्ही त्या वेळी खिडकीतून फोटो काढत होतो. कार्डावर एक अक्षर होते, त्या अक्षराच्या जागी सगळ्यांनी जमायचे. लिफ्ट बंद. अम्मीचे गुडघे धड नाहीत, चार मजले जिने उतरायचे म्हणजे शिक्षाच. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि ठरवून टाकले: नाटकच तर आहे, अम्मीला राहू दे. तीही म्हणाली, "जा तुम्ही, मी वजू करून घेते."

खाली मेळा भरला होता. कुणी हातात भज्यांची बशी घेऊन आलेले, कुणी जॅकेट घालून सेल्फी काढत होते. एक काका मोठ्याने म्हणत होते, पैसे मजेचे भरलेत, कवायतीचे नाही. खरे सांगायचे तर आम्हाला त्यांचे पटत होते.

हजेरी घेणारी मुलगी विशीतली असेल. "दादा, यादीत पाच नावं आहेत. आजी कुठे?"

आम्ही म्हणालो, "येतायत मागून."

खोटे इतक्या सहज तोंडातून गेले की मुलांनी आमच्याकडे वळून पाहिले.

तिने काही ऐकवले नाही. वायरलेसवर खोलीचा नंबर सांगितला आणि वाट पाहत उभी राहिली. तिच्याबरोबर सगळे थांबले. यादी पुरी झाल्याशिवाय कुणाला सोडायचे नव्हते. लोकांच्या नजरा आमच्या पाठीत रुतत होत्या. बऱ्याच वेळाने एका पोराच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी मोजत अम्मी आली. दार वाजले तेव्हा ती गुसलखान्यात होती, नळाच्या आवाजात भोंगाही नीट ऐकू आला नव्हता.

रात्री डेकवर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खरंच बुडत असतं, तर मला सांगायला कोण आलं असतं?"

उत्तर नव्हते. ज्या पाण्यातून जहाज बाहेर पडले, त्याच बाजूला 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली होती. रमजान अगदी दोन-तीन दिवसांवर होता. लाट आदळल्यावर घाबरलेली माणसे एकाच बाजूला धावली, बोट कलली ती कललीच. सहाशेहून जास्त जीव गेले. मासे विकायला निघालेल्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकून माणसे भरली, म्हणून काही वाचली. धावायचे कुठे आणि थांबायचे कुठे, हे घाबरल्यावर सुचत नाही. ते आधीच पायांना माहीत असावे लागते. इटलीत 13 जानेवारी 2012 ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. तेव्हाच्या नियमाने चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. बत्तीस माणसे गेली. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत घ्यावीच लागते, आणि आम्ही ज्या भोंग्याला कंटाळलो तो त्या बत्तीस जणांनंतरचा होता. लांब कशाला जायचे? 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्यातल्या कित्येकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. जॅकेटची सक्ती झाली ती त्यानंतर.

सकाळी आम्ही अम्मीला घेऊन तेच जिने उतरलो. अकरा मिनिटे लागली. मधे दोनदा बसावे लागले. मग त्या मुलीला शोधून माफी मागितली. तिने विचारले, जिना उतरायला मदत लागते, हे फॉर्मवर लिहिले नव्हते का? तो रकाना आम्ही मुद्दाम कोरा ठेवला होता. अम्मीला कुणी अपंग म्हणू नये म्हणून. अम्मीने स्वतः पेन मागितले आणि उर्दूत सही केली. त्यानंतर तिच्या खोलीसाठी एक माणूस नेमला गेला. तो रोज येऊन "आजी, मीच येणार हं" असे सांगून जायचा. अम्मीने त्याला आमच्या वाटणीचे लाडू देऊन टाकले.

परतताना जव्हारहून जामसरची एस्टी पकडली. गर्दी होती. अम्मी मागच्या बाकावर बसली आणि बसल्या बसल्या मान वळवून लाल अक्षरे वाचू लागली: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. दाराला टेकून एक भले मोठे पोते उभे होते.

"हे कुणाचं?" तिने मोठ्याने विचारले.

गाडीत कुणी बोलेना. मुलांनी आमच्याकडे पाहिले. मुंबईहून आणलेल्या सामानाचे ते पोते आम्हीच तिथे ठेवले होते. आम्ही उठलो आणि ते ओढून मांडीवर घेतले.