डाव्या हाताला न कळणारे दान

एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचे ज्याला नुकतेच समजले आहे, त्याला कशी मदत करावी, असे धर्मग्रामस्थ आम्हांला अधूनमधून विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा धान्य किंवा पैसे असतात. ती गरज खरीच. परंतु तिच्याही आधी एक गरज असते, ती म्हणजे आपले नाव चारचौघांत होणार नाही या खात्रीची.

भारतात ही बाधा १९८६ साली मद्रास येथे प्रथम आढळली. त्यानंतर कित्येक वर्षे हे निदान म्हणजे मरणाची चिठ्ठीच मानली जाई. आज तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. नियमित गोळ्या घेणारा माणूस कामधंदा आणि संसार नीट करू शकतो. रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला व तसाच राहिला, तर वैवाहिक जोडीदारालाही संबंधांतून लागण होत नाही.

मग अडते कोठे? पुष्कळदा केंद्राच्या वाटेवरच. रोजंदारीवरच्या माणसाचा तेथे जाण्यात दिवस बुडतो. जवळच्या रांगेत शेजारी भेटेल या धास्तीने तो दूरचे केंद्र गाठतो, गाडीभाडे वाढते. एखाद्या महिन्यात ते जमत नाही, गोळ्या चुकतात, आणि वारंवार चुकल्या तर त्या औषधाला विषाणू दाद देईनासा होतो.

येथे आपले काम सुरू होते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेने गरिबाच्या घरी स्वतः जाण्याची रीत घालून दिली. तीच रीत येथे उपयोगी पडते. गाडीभाडे, शिधा, मुलांची फी ही मदत इतर गरजू घरांना देतो तशीच द्यावी. हिशेबाच्या वहीत ‘प्रवासखर्च, एक कुटुंब’ एवढीच नोंद पुरे. वेदीवरून घोषणा नको, छायाचित्र नको. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेतही नावासह आजाराचा उल्लेख नको. २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आला, तोही अशा व्यक्तीच्या गोपनीयतेला संरक्षण देतो.

आणखी एक पथ्य आहे. ‘हे झाले कसे?’ असे विचारू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने दोष कोणाच्याही पदरी घातला नाही. त्याने त्या माणसाला दृष्टी दिली.

येत्या उपवासकाळात दानपेटीत आपण जे टाकू, त्यातले काही अशा एखाद्या घरी पोहोचेल. ते घर कोणते, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तसे न कळणे हाही आपल्या दानाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.